कुणाच्या भरवशावर पेटवली भट्टी

उस्मान,

तुझ्या चाळिसाव्याच्या जेवणाला मी तीनदा वाढून घेतलं. पहिल्यांदा भूक होती म्हणून, दुसऱ्यांदा बिर्याणी झकास होती म्हणून. तिसऱ्यांदा मात्र मुद्दाम. कवठ्याची तुझी सगळी भावकी ओळीनं बसलेली, आणि त्यांच्या मधोमध मी ताट पुढं करून "अजून थोडी" म्हणालो. वाटलं, आता तरी कुणी म्हणेल, "आरं मेल्या, दोस्त गेलाय का दोस्ताचं लगीन हाय?" तू म्हणाला असतास. सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला असतास. पण कुणीच काही बोललं नाही. उलट तुझ्या थोरल्या भावानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. सगळे मला समजून घेत होते. चारचौघांनी एखाद्याला समजून घ्यायला सुरुवात केली की त्याचं काही खरं नाही.

म्हणून जे काय बोलायचं ते तुझ्याशीच बोलतो. तू ऐकशील असं नाही. होतास तेव्हा तरी कुठं ऐकत होतास?

तू गेलास त्या दिवसापासून आपल्या भट्टीतून काही निघालेलं नाही. पाव बंद, खारी बंद, टोस्ट बंद. शटर अर्धं वर करून मी आत बसतो आणि लोकांना वाटतं, बाळू दुखवट्यात आहे. तसा आहेच. पण दिवाळी तोंडावर आलीय, आणि बायका शटरखालून वाकून विचारायला लागल्यात, "भाऊ, बिस्किटं कवापासून घ्यायची?" अर्ध्या शिरूरची दिवाळीची बिस्किटं आपल्या भट्टीत भाजली जातात. घरून मैदा, साखर, तूप डब्यात घालून आणायचं, आपण मळून, थापून, भाजून द्यायचं, आणि त्याच डब्यात भरून त्यांनी घरी न्यायचं. दहा वर्षांत एकही दिवाळी चुकली नाही. यंदा मी प्रत्येकीला "बघू" म्हणत आलो. बघू म्हणण्यात मी पटाईत आहे हे तुला माहीत आहे. पण "बघू" दिवाळीपर्यंतच चालतं. त्याच्या आत हो म्हणायचं की नाही, एवढाच सवाल होता, आणि तो मी एकटा सोडवू शकत नव्हतो. दुकान दोघांनी काढलं होतं.

आठवतं ना कसं काढलं? कंपनीच्या गेटला कुलूप लागलं, मशिनरी ट्रकमध्ये चढवून दुसऱ्या राज्यात गेली, आणि आपण गेटसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. तू पेंट शॉपचा, मी पॅकिंगचा. दोघांची वयं सेहेचाळीस. आपल्यातल्या कुणी रिक्षा घेतली, कुणी गावी जाऊन भावाच्या शेतात बसला, कुणी नुसताच बसला. मी या तिसऱ्या जातीचा होणार हे माझ्या बायकोला, सुमनला, माझ्या आधी कळलं होतं. आणि तू बशीतला चहा संपवून म्हणालास, "बाळू, बेकरी टाकू."

"तुला बेकरीतलं काय येतं?"

"खायला येतं."

"आणि मला?"

"तुला बोलायला येतं. झाली की दोन खाती."

"उस्मान, सेहेचाळीस वर्षांचे आहोत आपण."

"मंग? भट्टीला काय आपल्याशी लगीन लावायचंय? ती कशाला वय इचारतीय?"

मी हसलो आणि तिथंच फसलो. माझं आयुष्यभर असंच झालं आहे. हसलो की होकार दिला असं समोरचा धरतो.

मग आपण दौंडला गेलो, तुझ्या सासऱ्यांच्या, चाचांच्या, बेकरीत शिकायला. महिनाभर न्हावऱ्यावरून एसटीनं जा-ये. चाचांनी आपल्याला उभं करून वरून खालपर्यंत पाहिलं आणि शमीमवहिनींच्या भावाला विचारलं, "ये दो बुढ्ढे कहाँ से पकड के लाया? इस उमर में लोगां भट्टी बंद करते, ये चालू करने निकले." तू सासऱ्यांपुढं मान खाली घालून उभा. मी मात्र नमस्कार करून म्हणालो, "चाचा, मी बुढ्ढा नाही, मी मेकअपमध्ये आहे." चाचा हसले नाहीत. दौंडच्या त्या महिन्यात ते एकदाच हसले, जेव्हा मी भट्टीत डोकावलो आणि माझी डावी भुवई गेली. तू ती राख माझ्या कपाळावरून पुसत म्हणालास, "आता तुला व्हिलनचा रोल पक्का."

रोलचं तुझ्या तोंडी यायचंच. कंपनीच्या गणपतीत दर वर्षी नाटक व्हायचं, मी नायक आणि तू प्रॉम्प्टर. विंगेत टॉर्च आणि वही घेऊन उभा. मला वाक्य आठवायचं नाही आणि तू इतक्या मोठ्यानं सांगायचास की पहिल्या चार रांगांना ते माझ्याआधी कळायचं. एकदा तर लोकांनी तुलाच टाळ्या दिल्या. पण खरं सांगतो, त्या टॉर्चच्या उजेडाकडं एक डोळा ठेवूनच मी बावीस वर्षं स्टेजवर उड्या मारल्या. विसरलो तरी चालेल, तिकडं उस्मान आहे, एवढ्या भांडवलावर.

भट्टी पहिल्यांदा पेटवायच्या आदल्या दिवशी मी तुला नाही म्हणायला आलो होतो, हे तुला त्याच वेळी कळलं होतं का रे? मेव्हण्यानं पुण्यात एका सोसायटीत वॉचमनची जागा बघितली होती. मी येताना रस्त्याभर भाषणाची तालीम केली. जबाबदाऱ्या, वय, सुमनची तब्येत, बाजारातली मंदी. तू नव्या भट्टीसमोर लाकडं रचत होतास. मी सगळं भाषण म्हटलं. मध्ये दोनदा आवाज कातर केला. शेवटी डोळे पुसले. तू वळून पाहिलंस.

"संपलं?"

"संपलं."

"ब्येस झालं. मंग आता दुसरा अंक. त्या टोकाची लाकडं उचल, मला वाकवंना."

मी लाकडं उचलली. माझ्या धाडसाची कथा म्हणतात ती एवढीच आहे. लोक मला विचारायचे, या वयात हिंमत कुठून आणली? मी छाती फुगवून काहीबाही सांगायचो, पण खरं उत्तर असं की मी एक मोळी उचलली आणि मग दुसरी, कारण तुला वाकवत नव्हतं.

आणि लोकांनी तुला विचारलं की तू म्हणायचास, "ह्या बाळूच्या हिमतीवर." मला वाटायचं, मोठेपणा देतोस. यावर आपण किती वेळा भांडलो! मी म्हणायचो, तू मला ओढलंस. तू म्हणायचास, न्हाई, तू मला. दहा वर्षांत हा निकाल लागला नाही.

तसाच पाटीचा. मला दुकानावर पाटी हवी होती. लाल अक्षरं, सोनेरी कड, मध्ये वाफाळणारा पाव. नावं मी पंधरा सुचवली. तू प्रत्येक नावाला मान हलवलीस.

"आरं, नाव काय पाहिजेच कशाला? लोक 'दोघांची भट्टी' म्हंत्यात, कळतंय की त्यांला."

"पण धंदा म्हटला की पाटी हवी, उस्मान."

"पाटी लावली की कवातरी उतरवावी लागती. उतरवताना लई वाईट दिसतंय."

मी हसलो. शिरूरच्या निम्म्या बाजारपेठेत तुझं हे वाक्य मी तुझी नक्कल करून सांगितलं. पाटी लागलीच नाही.

आणि पहिली दिवाळी! उस्मान, ती तर मी अजून लग्नांच्या पंगतीत सांगतो. सांगायचो.

वीसेक घरांची पिठं आली होती. प्रत्येकाचं पीठ वेगळं मळायचं, भाजायचे पत्रे वेगळे भरायचे, पण भट्टी एक. कुठला पत्रा कुणाचा हे ओळखायचं कसं? मी बावीस वर्षं पॅकिंगला. लेबलाशिवाय खोकं हललं तर सुपरवायझर अंगावर यायचा. मी नाटकाच्या बोर्डासाठी वापरायचो त्या ठळक अक्षरात प्रत्येक बाईचं नाव कागदावर लिहिलं, मैद्याची खळ केली आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला लेबल डकवलं. तू लांब उभा राहून ते बघितलंस आणि तुझे डोळे भरून आले. "कंपनी गेली बाळू, पर शिस्त ऱ्हायली." तुझ्या पेंट शॉपमध्येही माल तापत्या ओव्हनमध्ये जायचा, तिथं टॅग पत्र्याचे असायचे, हे तुलाही आठवलं नाही. मोठ्या कंपनीतून आलेली दोन माणसं, शिस्तीनं, टापटिपीनं, कागद भट्टीत घालत होती.

पत्रे बाहेर आले तेव्हा बिस्किटं सोन्यासारखी. आणि कडेला काळे पापुद्रे. एका पापुद्र्यावर 'सौ.' एवढं शाबूत होतं. बाहेर पायरीवर बसलेल्या सगळ्याच सौ. होत्या.

त्यांच्यात पुढं मालनकाकू. त्यांचे मालक साखर कारखान्यात संचालक, म्हणून काकू पायरीवर बसल्या तरी खुर्चीत बसल्यासारख्या दिसायच्या. सकाळपासून त्यांचा एकच घोष, "घरच्या गायीचं तूप हाय भाऊ. ध्यान ठेवा, दुसऱ्याच्यात जाया नगं." मी बाहेर जाऊन हात जोडले आणि नाटकातल्या राजासारखं जाहीर केलं, "भगिनींनो, अग्नीनं नावं नेली आहेत, माल सुखरूप आहे." तू मागून म्हणालास, "कागद जळालं, असं सरळ सांग की."

मग चाखणं सुरू झालं. प्रत्येक पत्र्यातलं एकेक बिस्किट प्रत्येकीच्या तोंडात. सगळ्यांत सुवासिक पत्रा निघाला त्यावर पाच जणींनी हक्क सांगितला. शेवटी मार्केट यार्डातल्या हमालाची बायको कोपऱ्यातून म्हणाली, "मी जायफळ घातलंया. बघा लागतंय का." लागत होतं. तिनं डबा भरला. कुणी वेलदोडा ओळखला, कुणी साखर जास्त झालेली ओळखली, कुणी स्वतःचंच कच्चं मोहन ओळखून गप्प डबा भरला. एकेक पत्रा जात गेला. शेवटी एकच उरला, पांढुरका, टाळूला चिकटणारा, वनस्पती तुपाचा. आणि एकच बाई उरली.

पायरीवर जी शांतता झाली ती तालुक्यात निवडणुकीच्या निकालालाही होत नाही. मालनकाकूंचा चेहरा मी बघितला नाही. मी, एवढा बोलका माणूस, वर छताच्या पत्र्याकडं बघत होतो. आणि तू पुढं आलास, त्यातलं एक बिस्किट मोडलंस, सावकाश चावलंस आणि कपाळाला हात लावलास.

"आयला! ह्ये तर आमच्याच घरचं. शमीमनं सकाळी दिल्तं. तिला म्हणलं व्हतं, वनस्पती नगं घालू, सनाचं हाय. काकू, तुमचं पीठ आजून मळायचंच ऱ्हायलंय. आत डबा हाय तुमचा. सांजच्याला घरपोच देतो."

आत डबा रिकामा होता. सुमननं घरचं तूप आणलं, आपण नव्यानं मळलं, भाजलं, आणि तू सायकलवरून डबा पोचवून आलास. दुसऱ्या दिवसापासून मालनकाकू दिवाळीपर्यंत रोज आपल्या पायरीवर येऊन बसल्या, आणि जी दिसेल तिला सांगू लागल्या, "बिस्किटं टाकायची तर हितंच टाका. मानसं चांगली हायेत. येडी हायेत, पर चांगली हायेत." तालुक्यातल्या बागायतदारांच्या घरांतून डबे यायला लागले ते तिथून.

शमीमवहिनी मात्र आठवडाभर तुझ्याशी बोलल्या नाहीत. "साऱ्या शिरूरात माझी बिस्किटं नासवली," असं त्या सुमनला म्हणाल्या.

त्या दिवशीची अजून एक गोष्ट माझ्या सांगण्यात कधी आली नाही, कारण ती हसण्यासारखी नव्हती. बायका गेल्यावर तू आत आलास आणि मैद्याच्या पोत्यावर बसलास. तू पाणी मागितलंस, ते अंगावर सांडलं. मी म्हणालो, "भट्टीची धग लागली वाटतं." तू म्हणालास, "व्हय. धगच."

पुढच्या वर्षीपासून आपण प्रत्येकीला सांगितलं, ओळखीची वस्तू आणा, न जळणारी. मग काय वस्तू आल्या! चमचा, जोडवं, बैलाच्या गळ्यातला घुंगरू, इंजिनाचा बोल्ट. एकीनं घराची किल्ली पत्र्यावर ठेवली आणि ती तापलेली, हातात घेता येईना. दारात सासू उन्हात उभी. तू ती किल्ली बादलीत बुडवून सायकलवर धावलास. मी म्हणायचो, आपण बेकरी चालवत नाही उस्मान, आपण शिरूरचा संसार चालवतो. तू म्हणायचास, "तू चालव संसार. मी पाव काढतो."

असं होतं सगळं. दहा वर्षं, आणि त्या दहा वर्षांत मी एकदाही भ्यालो नाही असं समजत होतो. खोटं. रोज भीत होतो. पण दुपारी, सगळं पार पडल्यावर, वाटायचं की भीत नव्हतो.

आता चाळिसाव्याचं सांगतो. पंगती उठल्या, भांडी घासून झाली, माणसं पांगली. शमीमवहिनींनी मला ओट्यावर बसवलं आणि चहा दिला. मी म्हटलं, "वहिनी, दिवाळी आलीय. उस्मान असता तर म्हणाला असता, पेटव. त्याला कशाची भीतीच नव्हती." वहिनींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतोय.

"भाऊ, कुनाबद्दल बोलताय तुमी?"

"आपल्या उस्मानबद्दल."

"रोज सकाळी निघताना त्यांच्या पोटात कळ यायची. रोज. दहा वर्सं. कवा कवा उलटी व्हायची. मी म्हणायची, नका जाऊ, भाऊंना सांगा, बंद करू. तर म्हनायचे, बाळूला सांगू नको, त्यो मोडंल."

मी कप खाली ठेवला.

"आन् दुकानात सरळ न्हाई यायचे. कोपऱ्यावर चहाची गाडी हाय न्हवं, तितं थांबायचे. तुमचा आवाज येस्तवर. तुमी आत वरडायला लागला की म्हनायचे, बाळू वरडतोय, म्हंजी सगळं ठीक हाय. मंग जायचे."

उस्मान, हे मला कधी सांगणार होतास? सांगणारच नव्हतास. आणि मीही तुला कधी सांगितलं नाही की मी का ओरडायचो.

पहाटे दुकान मी उघडायचो. कारण मला घरी झोप यायची नाही. अंधारात, थंड भट्टीसमोर, मैद्याच्या पोत्यांमध्ये मी एकटा उभा राहिलो की माझ्या डोक्यात सुरू व्हायचं. आज माल खपला नाही तर? आज लाकूड ओलं निघालं तर? सेहेचाळिसाव्या वर्षी सुरू केलेलं पन्नासाव्या वर्षी बुडालं तर पुढं काय? मग मी ओरडायला लागायचो. कंपनीच्या नाटकांतली सगळी वाक्यं, राजाची, खलनायकाची, नायिकेचीसुद्धा. पोती हादरतील एवढ्यानं. म्हणत राहायचं, तू दारात दिसेपर्यंत. तुझी ती चौकडीची टोपी दारात दिसली की मला वाटायचं, आला, आता हरकत नाही, आणि मी गप्प व्हायचो. तू म्हणायचास, "थांबलास का? बरं चाललं व्हतं की." मी म्हणायचो, "प्रेक्षक उशिरा आले."

म्हणजे मी तू येईपर्यंत घाबरून ओरडत होतो. आणि तू माझं ओरडणं ऐकून, घाबरत, येत होतास. दहा वर्षं. दोन पन्नाशीची माणसं, एक भिंतीच्या आत, एक कोपऱ्यावर. त्या दोघांच्या भरवशावर अर्धं शिरूर दिवाळी साजरी करत होतं.

मला आधी हसू आलं. खरंच आलं. ओट्यावर बसून मी मोठ्यानं हसलो आणि वहिनी दचकल्या. मला वाटलं, ही तर आपल्या दोघांची सगळ्यांत उत्तम गोष्ट आहे, ती तुला सांगायला हवी. आणि मग कळलं, ही सांगायची कुणाला?

आता मला पाटीचं कळलं. मैद्याच्या पोत्यावर सांडलेलं पाणी कळलं. "ह्या बाळूच्या हिमतीवर" म्हणायचास ते मोठेपणा देणं नव्हतं, तू मला खरीखुरी बातमी सांगत होतास आणि मी ती नाटकी समजत होतो. भांडणात मीही खरंच बोलत होतो. दोघंही बरोबर होतो, आणि दोघांकडंही स्वतःची अशी हिंमत नव्हती. हे कळून ज्यांना आनंद होतो, अशी माणसं असतात. मी प्रयत्न केला. मी स्वतःशी म्हटलं, बघ बाळू, तुझ्यातही होती की हिंमत, उस्मान ती बघून यायचा. पण ती हिंमत नव्हती रे. ती कुणीतरी येणार आहे याची खात्री होती.

तुझा राग येतो मला. पोटात कळ येत होती तर सांगायचं. मी मोडलो असतो? मोडलो असतो कदाचित. दोघं मिळून त्या सोसायटीत वॉचमन झालो असतो, एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. दहा वर्षं मिळाली नसती. म्हणून रागावून झाल्यावर मी तुझे आभारही मानतो, आणि मानून झाले की पुन्हा राग येतो. दिवसभर हेच चालू असतं. सुमन म्हणते, "जेवून घ्या."

परवा मी भट्टी पेटवली.

कुणाला सांगितलं नाही. पहाटे गेलो, लाकडं रचली, कडेची मोळी उचलताना माझीच कंबर धरली. जाळ चांगला धरला. धुराड्यातून धूर निघाला. निखारे बाजूला ओढले, ओल्या पोत्यानं तळ पुसला, सगळं चाचांनी शिकवल्याबरहुकूम. भट्टी तापली. अशी तापली की पहिल्या दिवाळीलाही तापली नसेल. मग मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सवयीनं तोंड उघडलं. राजाचं वाक्य. आवाज आला. खणखणीत आला. मी खलनायकाचं म्हटलं, नायिकेचं म्हटलं. शटर पूर्ण वर केलं, कोपरा दिसेल असं. चहाच्या गाडीवर दोन ट्रक ड्रायव्हर आणि एक पेपरवाला होता. पेपरवाल्यानं माझ्याकडं बघितलं, एका ड्रायव्हरला काही तरी म्हणाला आणि दोघं हसले.

मी तरीही म्हणत राहिलो. म्हटलं, अजून एक प्रवेश. अजून एक. मला माहीत होतं की तू येणार नाहीस. माती मी दिलीय तुला, कवठ्याच्या कब्रस्तानात, या हातानं. पण माझ्या घशाला ते माहीत नव्हतं. तो थांबेना, कारण थांबायची खूण दारात दिसत नव्हती. शेवटी आवाज बसला तेव्हा उजाडलं होतं.

आणि पायरीवर मालनकाकू बसल्या होत्या. आता त्या खरंच म्हाताऱ्या झाल्यात, मालक गेले, संचालकपद गेलं, पण बसतात अजून खुर्चीत बसल्यासारख्या. मांडीवर डबा.

"धूर दिसला," त्या म्हणाल्या. "म्हणलं, चला, दोघांची भट्टी लागली एकदाची. पयला डबा माझा घ्या भाऊ. घरच्या गायीचं तूप हाय." आणि गालातल्या गालात हसल्या. त्यांना सगळं माहीत होतं, उस्मान. पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी डबा हातात घेतला. झाकण उघडलं. तूप खरंच गायीचं होतं. मी ते बघत उभा राहिलो, आणि मला वाटलं, आता मळायला घे, बस एवढंच करायचं आहे, एक मोळी उचलण्याइतकंच आहे. मागं भट्टीची धग पाठीला लागत होती. मी झाकण लावलं.

"काकू, यंदा नाही."

"म्हंजी?"

"यंदा नाही जमायचं. हायवेला ती नवी काचेची बेकरी झालीय ना, तिथं विजेची भट्टी आहे. ते घेतात बाहेरचं पीठ. तिकडं टाका."

काकूंनी विचारलं नाही, का. मी कारणं तयार ठेवली होती, आवाज बसला होता तरी म्हटली असती. त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, डबा काखेत घेतला.

"मंग पेटवली कशाला, भाऊ?"

मी कोपऱ्याकडं बघितलं, वाक्य अडलं की विंगेत बघायचो तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विंगेत कुणी नव्हतं. त्या हायवेच्या दिशेनं गेल्या, हळूहळू, दोनदा थांबून. मी शटर खाली ओढलं.

तुला माहीत आहे, विटांची भट्टी एकदा नीट तापली की लवकर गार होत नाही. परवा दिवसभर गरम राहिली, काल दिवसभर राहिली. मी शेजारी बसून होतो. पाव नाही, खारी नाही, नुसती ऊब. काल दुपारी दोघी-तिघी येऊन शटर वाजवून गेल्या. मी आतून आवाज दिला नाही.

आज सकाळी भट्टीत हात घातला. कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत, अगदी आतल्या विटा हाताला लागेपर्यंत. कुठंच काही भाजलं नाही.